देवगडच्या वाडीतून परदेशी शिकणाऱ्या लेकराला पैसे पाठवताना: पहिल्यांदाच पाठवणाऱ्यांसाठी

आमच्या माडीवरच्या ट्रंकेत मनीऑर्डरीच्या कुपनांचा एक गठ्ठा अजून जपून ठेवलेला आहे. सासरे मुंबईत गिरणीत होते. प्रत्येक कुपनावर त्यांच्या हातच्या दोनच ओळी असत, आणि शेवटची ओळ ठरलेली: "पैसे पोचल्याचे कळवणे." कोकणातली किती घरं अशा मनीऑर्डरींवर उभी राहिली हे इथल्या माणसाला सांगायला नको. आता दिशा बदलली. आमची मुलगी सप्टेंबर 2025 पासून स्कॉटलंडमध्ये मास्टर्स करते आहे आणि पैसे आम्ही पाठवतो.

गेल्या वर्षभरात तालुक्यातल्या चार-पाच घरांतून मला एकच विचारणा झाली. शेजारच्या काकींनी तर खळ्यात उभ्या उभ्याच विचारलं, "वैनी, चेडवाक पैशे कशे धाडतास?" त्यांचा मुलगा यंदा जर्मनीला निघाला आहे. त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. हे काम अवघड नाही. पण त्याला क्रम आहे, आणि क्रम चुकला की पैसे जातात किंवा ऐन वेळी अडकतात. दोन्ही आम्ही भोगलं आहे.

आधी घरातला हिशेब: पैसा कुठल्या महिन्यात येतो, फी कुठल्या महिन्यात जाते

आपल्याकडे पैसा वर्षभर सारखा येत नाही. आंबावाल्याचा पैसा एप्रिल ते जूनमध्ये येतो, तोही पेट्या वाशीला गेल्यावर दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा लेखी हिशेब, येईल तसा. मच्छीमारांची 1 जून ते 31 जुलै बंदी असते, म्हणजे फी भरायच्या ऐन तोंडावर हात रिकामा. परदेशातली बहुतेक विद्यापीठं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि पहिला मोठा हप्ता तेव्हाच लागतो. त्यामुळे जूनमध्ये हातात आलेल्या पैशातून फीचा हप्ता बाजूला काढून लहान मुदतीच्या ठेवीत टाका. पावसाळी फवारणी, खतं, घराची कौलं, गणपती, सगळे खर्च त्याच पैशावर डोळा ठेवून असतात.

पैसा कुठून आला हे बँक विचारते, आणि ते विचारणं योग्यच आहे. पाठवायच्या आदल्या आठवड्यात खात्यात पाच-सहा लाख रोख भरले तर प्रश्न येणारच. म्हणून दलालाकडचे पैसे खात्यावरच घ्या, पट्ट्या फाइलला लावा, सातबाऱ्याचा ताजा उतारा काढून ठेवा. आमच्या शाखेत पट्ट्यांचा गठ्ठा दाखवला आणि पाच मिनिटांत विषय संपला.

मूल ब्रिटनला जाणार असेल तर व्हिसासाठीची शिल्लक सलग 28 दिवस खात्यात दिसावी लागते, आणि त्या 28 दिवसांचा शेवट व्हिसाच्या अर्जाआधीच्या 31 दिवसांत यावा लागतो. मधल्या एका दिवशी जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा त्या खात्याचं एटीएम कार्ड कपाटात ठेवा आणि बागेच्या खर्चाला दुसरं खातं वापरा. जर्मनीचं वेगळं आहे. तिथे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधी भरावे लागतात आणि मुलाला त्यातून महिन्याला 992 युरो मिळतात. म्हणजे तिथल्या पालकांची पहिली मोठी रक्कम फीची नसते, या खात्याची असते, आणि ती व्हिसाच्या आधीच जाते.

कागदपत्रं

पैसे पाठवणाऱ्याचं पॅन कार्ड लागतंच, त्याशिवाय एक डॉलरही जात नाही. पॅन आधारला जोडलेलं आहे ना ते आजच तपासा. निष्क्रिय पॅनवर कर चढ्या दराने कापला जातो. त्याखेरीज मुलाचा पासपोर्ट, व्हिसा, विद्यापीठाचं प्रवेशपत्र (अमेरिकेसाठी आय-20, ब्रिटनसाठी कॅस), फीचं बिल म्हणजे इन्व्हॉइस, आणि नात्याचा पुरावा म्हणून जन्मदाखला. ग्रामपंचायतीचा जुना दाखला नुसता मराठीत असेल तर दोन्ही भाषांतली नवी प्रत काढून घ्या.

नावाकडे नीट बघा. आपल्याकडे मुलाच्या नावात वडिलांचं नाव मधे असतं. पासपोर्टवर ते एका प्रकारे, प्रवेशपत्रावर दुसऱ्या प्रकारे, आणि तिथल्या बँकेत तिसऱ्याच प्रकारे लागतं. तिकडच्या बँका खातेदाराचं नाव जुळवून बघतात. मुलाला तिथल्या खात्यावर नाव अक्षर न् अक्षर कसं आहे ते विचारा आणि फॉर्मवर तेच लिहा. आजोबांच्या नावाचं स्पेलिंग घरात तीन प्रकारे असतं, तसं इथे चालत नाही.

कुठून पाठवायचे

गावातली पतसंस्था आणि जवळची छोटी सहकारी बँक कितीही आपुलकीची असली तरी परकीय चलन पाठवायचा परवाना बहुधा त्यांच्याकडे नसतो. हे काम रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या अधिकृत डीलर बँका करतात, आणि त्यांच्याही प्रत्येक शाखेत ते होत नाही. तालुक्याच्या शाखेत फॉर्म घेतात, पण कागद जिल्ह्याच्या किंवा मुंबईच्या शाखेकडे जातात. आमच्या बाबतीत या फेरीत दीड दिवस जातो. मे महिन्यात एकदा शाखेत जाऊन एवढंच विचारून या: परदेशी पैसे पाठवायचं काम इथे होतं का, की कागद पुढे जातात? किती वाजेपर्यंत दिलं तर त्याच दिवशी निघतं?

नेट बँकिंगवरूनही जातात, आणि आता ती सोय बऱ्यापैकी सोपी झाली आहे. पण तिची दिवसाची मर्यादा ठरलेली असते, आणि ओटीपीला रेंज लागते. जुलैमध्ये लाइट गेली की टॉवरही जातो हे आपल्याला माहीत आहे. पहिला हप्ता शाखेतून, समोर बसून पाठवा असं मी सांगेन. माणूस समोर असतो, चूक तिथेच कळते.

तिसरा मार्ग म्हणजे विद्यापीठाने स्वतःच्या फी-पोर्टलवर जोडलेली पेमेंट कंपनी. फ्लायवायर, कन्व्हेरा अशी नावं तिथे दिसतील. तुम्ही आपल्या रुपयांत भरता आणि विद्यापीठाला त्यांच्या चलनात पूर्ण रक्कम पोचते. फीसाठी हा मार्ग मला आवडतो, कारण रक्कम वाटेत कमी होत नाही आणि विद्यार्थी क्रमांक आपोआप जोडला जातो. फक्त त्यांचा दर आणि तुमच्या बँकेचा दर एकाच दिवशी शेजारी शेजारी मांडून बघा. आणि त्या कंपनीकडे विद्यापीठाच्या पोर्टलवरूनच जा, गूगलवर शोधून नको.

फॉर्म आणि त्यातला एक कोड

पैसे जातात ते रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली. बँकेत सगळे तिला एलआरएस म्हणतात. 2004 मध्ये 25,000 डॉलरच्या मर्यादेने सुरू झालेल्या या योजनेत आता एका माणसाला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात. आपल्यापैकी बहुतेकांना ती मर्यादा कधीच लागणार नाही, तेव्हा तिची काळजी नको. फॉर्मचं नाव ए-2.

काळजी करायची ती त्या फॉर्ममधल्या पर्पज कोडची. परदेशी शिक्षणासाठी, त्यात फी आणि हॉस्टेल दोन्ही धरून, एस 0305 हा कोड आहे. कुटुंबाच्या निर्वाहासाठी दुसराच कोड आहे, एस 1301. मुलीच्या खोलीभाड्याचे आणि जेवणाखाण्याचे पैसे पाठवताना समोरच्या कर्मचाऱ्याने सहज म्हणून दुसरा कोड टाकला. हेतू चांगलाच होता, "फी नाही ना, घरखर्च आहे" एवढाच. पण शिक्षणाचा आणि निर्वाहाचा कर वेगळा लागतो, आणि फरक मोठा आहे. आयकर खात्याच्या 30 जून 2023 च्या परिपत्रकात स्पष्ट आहे: शिक्षणासाठीच्या पैशात फी तर येतेच, शिवाय विद्यार्थ्याचं जाण्यायेण्याचं तिकीट आणि शिकताना लागणारा रोजचा खर्चही येतो. मी फॉर्म परत मागितला, प्रवेशपत्र दाखवलं आणि कोड बदलून घेतला. सही करण्याआधी त्या चौकटीत काय लिहिलंय ते स्वतः वाचा. कर्मचारी कंटाळला तरी वाचा.

टीसीएस: जाणारा पैसा नाही, अडकणारा पैसा

इथे सगळ्यात जास्त घबराट असते, म्हणून जरा सावकाश सांगते. टीसीएस म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आपल्याकडून घेते तो आगाऊ आयकर.

एका आर्थिक वर्षात एका पॅनवर एकूण 10 लाख रुपयांपर्यंत पाठवलेत तर काहीच कापलं जात नाही. ही मर्यादा 1 एप्रिल 2025 पासूनची, आधी ती 7 लाख होती. 10 लाखांच्या वर जेवढं जाईल तेवढ्यावरच बँक टीसीएस घेते. शिक्षणासाठी 2025-26 मध्ये हा दर 5 टक्के होता, आणि फेब्रुवारी 2026 च्या अर्थसंकल्पात तो 2 टक्क्यांवर आणायचं जाहीर झालं. निर्वाहाच्या कोडखाली तोच दर 20 टक्के आहे. वर कोडवर एवढा जोर दिला तो याचसाठी. पैसे पाठवायच्या दिवशी त्या वर्षाचा दर बँकेकडून लेखी घ्या.

आमचं उदाहरण घ्या. वर्षाचे 16 लाख जायचे होते. ते सगळे यांच्या एकट्याच्या खात्यातून गेले असते तर वरच्या 6 लाखांवर 5 टक्के, म्हणजे 30,000 रुपये अडकले असते. माझी शाळेतली नोकरी, माझं पगाराचं खातं आणि माझं पॅन वेगळं. म्हणून 8 लाख त्यांनी पाठवले, 8 लाख मी. दोघांपैकी कुणाचाच 10 लाखांचा आकडा ओलांडला नाही आणि टीसीएस शून्य. यात लपवाछपवी काही नाही, फक्त प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पैशातून आणि स्वतःच्या सहीने पाठवायचं. मर्यादा पॅनची आहे, बँकेची नाही, त्यामुळे दोन बँकांतून पाठवलं म्हणून ती दुप्पट होत नाही.

31 मार्चची रेषाही वापरता येते. 1 एप्रिलला मोजणी नव्याने सुरू होते. उन्हाळ्यातला हप्ता मार्चअखेर अर्धा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्धा असा विद्यापीठ चालवून घेत असेल तर विचारून घ्या.

शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर 1 एप्रिल 2025 पासून टीसीएस अजिबात नाही. मात्र ते बँकेचं किंवा आयकर कायद्याने मान्य केलेल्या वित्तसंस्थेचं शैक्षणिक कर्जच हवं. पतसंस्थेचं कर्ज किंवा सोनेतारण यात बसत नाही. आपल्याकडे अडीअडचणीला पहिला हात दागिन्यांच्या डब्याकडे जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

कापला गेलाच तर तो पैसा तुमचाच राहतो. आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनखाली तो जमा दिसतो आणि रिटर्न भरलं की करातून वजा होतो किंवा परत मिळतो. पण आंब्याचं उत्पन्न शेतीचं, त्यावर आयकर नाही, म्हणून आपल्यातल्या कित्येक बागायतदारांनी आयुष्यात रिटर्न भरलेलं नसतं. रिटर्न भरलं नाही तर तो पैसा तिथेच पडून राहणार. टीसीएस कापला गेला असेल तर त्या वर्षी रिटर्न भरायलाच हवं. नोकरदारांना दुसरीही सोय आहे: कापलेला टीसीएस कार्यालयाला कळवला की पगारातून होणारी कपात तेवढी कमी करून घेता येते.

दर: खरी घासाघीस इथे

माणसं बँकेच्या हजार रुपये शुल्कावर वाद घालतात आणि दराकडे बघत नाहीत. पहिल्या वेळी मीही तेच केलं. 7,000 पौंड पाठवायचे असतील आणि दोन बँकांच्या दरात पौंडामागे दोन रुपयांचा फरक असेल, तर तो सरळ 14,000 रुपयांचा फरक आहे. त्यापुढे शुल्क काहीच नाही.

बँकेच्या फळ्यावर जो लागतो तो कार्ड रेट. मोठ्या रकमेला शाखा वरच्या कार्यालयाकडून त्याहून चांगला दर मागू शकते, पण आपण विचारलं तरच. वाक्य साधं आहे: "साहेब, एवढे पौंड आजच जायचेत, ट्रेझरीकडून रेट घेऊन द्याल का?" दोन्ही वेळा मी विचारलं आणि दोन्ही वेळा दर खाली आला. दुसऱ्या बँकेचा त्याच सकाळचा दर वहीत लिहून नेला होता, त्याचाही उपयोग झाला.

चलन बदलण्यावर जीएसटीही लागतो, पण त्याला घाबरू नका, कारण तो पूर्ण रकमेवर नसतो. 8 लाख रुपयांच्या बदलावर तो 810 रुपये होतो, आणि 10 लाखांवर 990.

पौंड खाली येईल म्हणून थांबावं का, हे सगळे विचारतात. मी थांबत नाही. हप्त्याची तारीख महिनाभरावर आली की रक्कम दोन भागांत करून पाठवते, म्हणजे सगळा बोजा एका दिवसाच्या दरावर पडत नाही.

पैसे पूर्ण पोचले पाहिजेत

आता आमचा पहिला हप्ता. फॉर्मवर "शुल्क कोणाकडून" अशी चौकट असते आणि तीन पर्याय: ओयूआर, एसएचए, बीईएन. ओयूआर म्हणजे सगळं पाठवणाऱ्याकडून, बीईएन म्हणजे सगळं घेणाऱ्याकडून. आमच्या फॉर्मवर एसएचए, म्हणजे दोघांत वाटून, असं आधीच छापलेलं होतं. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. पैसे आपल्या बँकेतून निघतात आणि वाटेत एखाद्या मधल्या बँकेतून पुढे जातात. एसएचए असलं की ती बँक आपलं शुल्क पाठवलेल्या रकमेतूनच कापून घेते. विद्यापीठाला 18 पौंड कमी पोचले. मुलगी तिकडे नोंदणीच्या खिडकीपाशी उभी, पोर्टलवर लाल अक्षरात "बाकी 18 पौंड", आणि बाकी शून्य झाल्याशिवाय विद्यार्थी कार्ड मिळेना. कार्ड नाही म्हणून ग्रंथालय नाही. तिने फोन केला तेव्हा इथे रात्रीचे नऊ वाजले होते आणि मी पडवीत फॉर्मची प्रत हातात घेऊन ती चौकट शोधत होते. शेवटी तिने स्वतःच्या फॉरेक्स कार्डावरून (परकीय चलन आधीच भरून ठेवलेलं कार्ड) ते 18 पौंड भरले, पण पोर्टलवर बाकी शून्य दिसायला चार दिवस गेले.

फी पाठवताना ओयूआर लिहा. सगळं शुल्क आपल्याकडून जातं, थोडं जास्त पडतं, पण रक्कम पूर्ण पोचते.

दुसरं म्हणजे संदर्भाची ओळ. तिथे विद्यार्थी क्रमांक आणि इन्व्हॉइस क्रमांक लिहा, मुलाचं नाव त्यानंतर. विद्यापीठाकडे एकाच दिवशी शेकडो पालकांचे पैसे येतात, आणि क्रमांक नसलेला पैसा कुणाचा हे शोधायला त्यांना आठवडा लागू शकतो.

खात्याची माहिती देशागणिक वेगळी असते. स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख, सगळीकडे लागतो, तो 8 किंवा 11 अक्षरांचा. जर्मनी आणि ब्रिटनला त्याबरोबर आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक), दोन्हीकडे 22 अक्षरांचा, एक डीईने सुरू होणारा, दुसरा जीबीने. अमेरिकेत आयबॅन नाही, तिथे बँकेचा 9 आकडी राउटिंग क्रमांक. ऑस्ट्रेलियात बँक-शाखेचा 6 आकडी बीएसबी क्रमांक. हे आकडे कागदावर उतरवून घेऊ नका, विद्यापीठाच्या पानाची प्रिंट फॉर्मला जोडा. बोटाने एकेक अंक मोजून बघा, आणि मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोजायला लावा.

पाठवल्यावर बँकेकडून स्विफ्टची प्रत, म्हणजे पैसे निघाल्याच्या बँक-संदेशाची प्रत, मागून घ्या. ती मिळाली की पैसा कुठे आहे हे माग काढून सांगता येतं. साधारण एक ते तीन कामकाजाचे दिवस लागतात. शनिवार-रविवार तिकडची बँक बंद, इकडे दुसरा-चौथा शनिवार बंद, आणि ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात गणपती. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये 14 सप्टेंबरला आहे. फीची तारीख या आठवड्यात पडत असेल तर पैसे गणपतीच्या आधीच्या आठवड्यात निघालेले हवेत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी शाखेत अर्धे लोक रजेवर असतात आणि उरलेले चाकरमान्यांच्या गर्दीत बुडालेले असतात.

पहिला महिना आणि रोजचा खर्च

तिथे मुलाचं बँक खातं उघडायला काही आठवडे लागू शकतात. तोवर फॉरेक्स कार्ड. ते इथेच त्या देशाच्या चलनात भरून घ्या. नोटा म्हणून एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंतच नेता येतात, आणि एवढ्या नेऊही नका. दोन-तीनशे पौंड पुष्कळ झाले. आपल्या इथल्या साध्या डेबिट कार्डाने तिकडे पैसे काढले तर दरावर वेगळी टक्केवारी चढते, म्हणून ते फक्त अडीअडचणीला ठेवा.

खर्चाचे पैसे दर महिन्याला पाठवण्यापेक्षा तीन महिन्यांचे एकदम बरे पडतात, कारण प्रत्येक पाठवणीवर ठरावीक शुल्क असतं. मूल पहिल्यांदाच स्वतःचा हिशेब करत असेल तर पहिले दोन महिने महिन्याला पाठवा, मग तिमाही करा. आमच्या मुलीने दुसऱ्याच महिन्यात स्वतःहून खर्चाचा तक्ता पाठवला. भाडं, बस, तांदूळ आणि "मासे महाग", असं शेवटी लिहिलेलं.

मूल शिकायला बाहेर गेलं की परकीय चलनाच्या कायद्याने ते अनिवासी धरलं जातं, म्हणून त्याचं इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या रुपयांचं खातं, करून घ्यावं. जायच्या आधी शाखेत फॉर्म विचारून ठेवा.

घरातलं माणूस आखातात किंवा जहाजावर असेल तर

आपल्या किनाऱ्यावर हे घरोघरी आहे, आणि इथेच लोक विनाकारण लांबचा रस्ता घेतात. वडील आखातात कमावत असतील तर त्यांनी इथे पैसे आणून मग आईच्या खात्यातून तिकडे पाठवायची काही गरज नाही. तिथूनच विद्यापीठाला थेट पाठवावेत. इथल्या एनआरई खात्यात (अनिवासी माणसाचं परदेशी कमाईचं खातं) पैसे असतील तर तेही मोकळेपणाने बाहेर जातात. एलआरएस इथल्या रहिवाशांसाठी आहे, त्यामुळे या दोन्ही मार्गांना ती मर्यादाही नाही आणि टीसीएसही नाही. एनआरओ खात्यातून मात्र वेगळे कागद लागतात, तिथे सीएंना विचारा.

एक गोष्ट करू नका. "मुंबईत रुपये द्या, तिकडे तुमच्या मुलाच्या हातात पौंड मिळतील," असं सांगणारे भेटतात, कधी नात्यातलेही. ती हवाला झाली. परकीय चलन कायद्यात त्याला रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तिकडे मुलाच्या खात्यात अनोळखी माणसाकडून पैसे आले तर ते खातं गोठू शकतं. दुबईच्या काकांनी पुतण्याला आपल्या कमाईतून भेट म्हणून पैसे पाठवले तर काही वावगं नाही. पण त्या बदल्यात इथे त्यांच्या घरी तेवढे रुपये पोचवायचे, हे त्यातलंच झालं.

फसवणूक

फी भरायच्या दिवसांत विद्यापीठाच्या नावाने मेल येतो: आमचं बँक खातं बदललं आहे, नव्या खात्यात भरा. मेल हुबेहूब दिसतो. खातं बदललंय की नाही हे मुलाने स्वतः पोर्टलमध्ये शिरून बघायचं आणि विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमधल्या नंबरवर नाही. "फीमध्ये दहा टक्के सूट मिळवून देतो, मला द्या, मी भरतो," असं म्हणणाराही टाळा. चोरीच्या कार्डांवरून फी भरून पालकांचे पैसे घेऊन जाण्याचे प्रकार होतात, आणि काही आठवड्यांनी ती फी रद्द झालेली कळते.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. मुलाला फोन येतो की तुझ्या व्हिसात गडबड आहे, दंड भर नाहीतर परत पाठवू. मूल घाबरून आपल्याला सांगत नाही. जायच्या आधीच त्याला सांगून ठेवा की असा फोन आला तर तो ठेवून आधी आम्हाला फोन कर, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. पैसे गेलेच तर त्या क्षणी 1930 वर फोन आणि बँकेला फोन. पहिल्या काही तासांत हालचाल झाली तर पैसा वाटेत अडवता येतो.

फाइल

मी एक जाड फाइल केली आहे. प्रत्येक हप्त्याचा ए-2 फॉर्म, स्विफ्टची प्रत, त्या दिवशीचा दर, इन्व्हॉइस आणि विद्यापीठाची पावती एकत्र टाचलेली. व्हिसा नाकारला गेला किंवा मूल मधेच परत आलं आणि विद्यापीठाने पैसे परत केले, तर ते ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात आणायचे असतात. तेव्हा हीच कागदं लागतात. रिटर्न भरतानाही हीच.

फाइलच्या आतल्या बाजूला मी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं आहे: पॅन, कोड 0305, ओयूआर, विद्यार्थी क्रमांक, अडीच वाजायच्या आत. काकींच्या मुलाचे ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे पुढच्या सोमवारी जायचे आहेत. त्यांनी त्या कागदाचा फोटो काढून नेला.